पात कुठली घ्यावी: कांद्याची, बिनकांद्याची की लसणाची?

पीठ पेरून भाजी करायची असेल तर निर्णय सोपा आहे. बाजारातली ज्या जुडीच्या बुडाशी सुपारीहून मोठा नि लिंबाहून लहान कांदा लोंबतोय, ती उचला आणि घरी या. प्रश्न पडतो तो दोन वेळा. एक म्हणजे मॉलमध्ये पाकिटात नीटनेटकी बांधलेली सडपातळ ‘स्प्रिंग अनियन’ दिसते तेव्हा. दुसरा, बाल्कनीत दोन-तीन कुंड्या रिकाम्या असतात तेव्हा.

बाजारातली जुडी म्हणजे आपला नेहमीचाच कांदा, पोसायच्या आधी उपटलेला. शहरांच्या आसपास खास पातीसाठीही तो लावतात. पाकिटातली पात बऱ्याचदा वेगळ्या जातीची असते. तिला बंचिंग अनियन म्हणतात, शास्त्रीय नाव ॲलियम फिस्टुलोसम. मूळची चीनच्या बाजूची, जपानी स्वयंपाकातली ‘नेगी’ हीच. तिला कांदा धरतच नाही, खालचा पांढरा दांडा शेवटपर्यंत सरळ राहतो. पाकिटावरच्या नावावर मात्र जाऊ नका, त्या नावाखाली दोन्ही विकल्या जातात. पात मधोमध कापून पाहा. दोन्ही पोकळच, पण आपल्या कांद्याची पात एका अंगाने जराशी चपटी असते आणि बंचिंगची नळीसारखी पूर्ण गोल.

कढईत हा फरक चांगलाच जाणवतो. पीठ पेरलेल्या भाजीला खरी चव येते ती बुडाच्या कोवळ्या कांद्याने. तो आधी तेलात परतायचा, गोडसर वास सुटला की हिरवी पात टाकायची, ती बसली की भाजलेलं बेसन भुरभुरायचं आणि झाकण ठेवून वाफ काढायची. पाणी घालायचं नाही, पातीला सुटतं तेवढं पुरतं. तेलाचा हात मात्र आखडता नको, नाहीतर घशाशी अडकणारा भुगा होतो. हीच भाजी बंचिंगची केली तर पात दोन मिनिटांत मरगळते, गोडवा येत नाही आणि बेसनच पुढे येतं. भिजवलेली मूगडाळ घालून केली तर थोडं निभावतं. खानदेशी भरितालाही बाजारातलीच जुडी हवी. तिकडे काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांत पात बारीक चिरून घालतात, वर ताटात अख्खी कच्ची पातही येते. भाकरी नि ठेच्याबरोबर खायची पात तर कांद्यासकटच असावी.

बंचिंगची बाजू वेगळी. वरून घालायला ती उत्तम. सूप, ऑम्लेट, फ्राइड राइस, नूडल्स, दह्यातली कोशिंबीर यांत तिचा उग्रपणा कमी वाटतो आणि चकत्या एकसारख्या पडतात. थालीपिठात दोन्ही चालतात, तिथे भाव बघून घ्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांचं थोडं निराळं. तिथे दुकानात बारमाही मिळणारी ‘स्कॅलियन’ बिनकांद्याची असते, मग ती कुठल्याही जातीची असो. त्यात इकडची भाजी जमवायची तर एक साधा कांदा उभा चिरून आधी मऊ होऊ द्या आणि पात अगदी शेवटी टाका. चव बरीच जवळ येते.

आता कुंडीचं. इथे माझं मत बाजारातल्या जुडीच्या विरुद्ध जातं. कांद्याचा जीव पातीत नसतो, कांदा पोसण्यात असतो. दिवसाची लांबी आणि ऊन एका हद्दीपलीकडे गेलं की तो सगळी ताकद खाली वळवतो, नवी पात येणं थांबतं आणि शेवटी माना पडतात, म्हणजे पात बुडाशी वाकून आडवी होते. शेतकऱ्याला तेच हवं असतं, तुम्हाला नको असतं. शिवाय थंडी जास्त पडली तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात आणि पात जून होते. बंचिंगला कांदा पोसायचाच नसल्याने ती बुडाशी फुटवे काढत राहते. जमिनीपासून दोन बोटं वर कापली की पुन्हा वाढते, आणि एक कुंडी नीट सांभाळली तर वर्ष उलटूनही चालते. बियांपासून कापणीपर्यंत दोन महिने तरी धरा. बी घेताना पाकिटावरची तारीख पाहा. कांद्याच्या कुळातलं बी फार टिकत नाही, वर्षभरात उगवण घसरते. कुंडी आठ इंच खोल, पाच-सहा तास ऊन आणि पाणी न साचणारी माती, एवढं पुरे. पातीवर चंदेरी रेघोट्या दिसल्या तर फुलकिडे आलेत असं समजा. पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार झाले असतील तर कुंडीतली सगळी पात कापून टाका, नवी येते.

मुळांचे बुडखे पेल्यात ठेवून पात वाढवायचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. वाढते, नक्की वाढते. पण ती बुडख्यात साठलेल्या अन्नावर वाढते, पाण्यातून तिला फारसं काही मिळत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या कापणीला ती दोऱ्यासारखी बारीक होते, आणि पाणी रोज बदललं नाही तर ओट्यावर वास येतो. तेच बुडखे मातीत खोचा, फरक लगेच दिसेल. टोपलीतला कोंब फुटलेला कांदाही असाच कुंडीत अर्धा पुरला की दोनेक आठवड्यांत चिरण्याजोगी पात देतो. एकदाचंच पीक, पण फुकटचं.

लसणाची पात या दोघींहून वेगळी: चपटी, भरीव आणि वासाला तिखट. भाजी म्हणून ढीगभर खायची ही वस्तू नाही. हिरवी मिरची, मीठ आणि कोवळी पात खलबत्त्यात ठेचली की तिचं काम झालं. शिजवायची तर गॅस बंद करता करता घाला, जास्त उष्णतेने तिचा तिखटपणा निघून जातो. सुरती उंधियोत हिरवा लसूण लागतोच, त्यामुळे मुंबईत गुजराती वस्तीच्या बाजारात थंडीत जुड्या मिळतात. इतर ठिकाणी शोधावं लागतं, आणि म्हणूनच घरी लावायला मी हिला पहिला नंबर देईन. पाकळ्या टोक वर करून बोटाच्या एका पेराइतक्या खोल लावा, तीन-चार आठवड्यांत पात हाताशी येते. ऊन थोडं कमी असलं तरी कुरकुरत नाही. मार्चनंतर मात्र टोकं पिवळी पडू लागतात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांचं यात काही बिघडत नाही, कार्तिकी एकादशी उलटली की लावणीला योग्य हवा असते.

कांद्याच्याच कुळातल्या लीक (जाड दांड्याची, चपट्या पानांची) आणि चाइव्ह्जचं (गवतासारखी बारीक पात) थोडक्यात. लीक महाग, पानांच्या घड्यांत माती अडकलेली, आणि आपल्या फोडणीत तिचं वेगळेपण हरवतं. बटाट्याचं सूप करणार असाल तरच घ्या. चाइव्ह्ज कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट उन्हाळ्यात कष्टी होतात.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर यातली एकही कुंडी त्यांच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, कांदा-लसणाचं सगळं कूळ त्यांना विषारी आहे. आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरवी पात अचानक खूप वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, तिच्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

जुडी आणली की घट्ट रबर आधी काढा, त्याखालची पात सगळ्यात आधी सडते. पिवळी पानं काढून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, दुधापासून लांब. चार-पाच दिवस आरामात राहते. त्याहून जास्त ठेवायची तर चिरून डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. ती भाजीला आणि थालीपिठाला चालेल, कच्ची खायला नाही.