सिंगल ओनर, पुरात बुडालेली: १७,८८,०००ची पिकअप

ही पिकअप पुन्हा घ्याल का, असं इसुझू व्ही-क्रॉसवाल्याला गोव्यात हमखास विचारतात. गाडीपुरतं आमचं उत्तर अजूनही ‘हो’ आहे. २.५ लीटर डिझेल, १३४ पीएस, ३२० न्यूटन मीटर टॉर्क, फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर), मागे स्प्रिंगऐवजी पाटे. सत्तरीत कुळागरापर्यंतचा (सुपारीच्या बागेपर्यंतचा) पावसाळ्यातला निसरडा चढ, हौद्यात खताची पोती आणि केबिनमध्ये पाच माणसं, हे एकाच गाडीत जमवणारं बाजारात दुसरं फारसं काही नाही. आम्ही घेत होतो तेव्हा नवी फोर बाय फोर व्ही-क्रॉस २५ लाखांपुढे आणि टोयोटा हायलक्स ३० लाखांपुढे होती, म्हणून जुनी. रिकामी असली की मागून उडते, ५.३ मीटर लांबीमुळे पणजीच्या मळा भागातल्या गल्ल्यांत वळवताना घाम फुटतो, हे सगळं माहीत असून घेतली. गाड्या आम्हाला कळतात. तरीही आमच्या गळ्यात पुरात बुडालेली गाडी मारली गेली, आणि हे लिहिताना आजही कान तापतात.

बार्देशातल्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात ती उभी होती. २०१८चं मॉडेल, एमएच-०८ (रत्नागिरी) पासिंग, आरसीवर पहिलाच मालक, मीटरवर ६१,२०० किलोमीटर. भाव ठरला १३,४०,०००. तशाच गाड्यांपेक्षा लाखभराने कमी, पण संशय यावा इतका कमी नाही. चांगला ठग भाव फार पाडत नाही, हे ध्यानात ठेवा. ५१,००० टोकन यूपीआयने, ११,००,००० आरटीजीएसने आणि १,८९,००० रोख. रोख नेमकी दोन लाखांच्या आत का, तर तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम २६९एसटी दोन लाख किंवा त्यावरची रोकड घ्यायला मनाई करत होतं. यार्डवाल्याला कलमं पाठ होती. रोखीची पावती अर्थातच नाही. वर गोव्याचं पासिंग, टॅक्स आणि ‘एजंटचं काम’ म्हणून १,१०,०००. सरकारी पावत्यांची बेरीज भरली ७४,३१०. उरलेल्या ३५,६९०चा हिशेब अजून आलेला नाही.

खरी हकिकत नंतर एका सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर चासी नंबर टाकल्यावर निघाली. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यात ही गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती. शेवटच्या सर्व्हिसला मीटर १,०४,३१०. विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्त करणं परवडणार नाही इतकं नुकसान) ठरवून पैसे दिले आणि सांगाडा लिलावात विकला. पुढे कोणीतरी तो धुतला, सुकवला, मीटर मागे फिरवलं, सीट कव्हरं चढवली आणि दोनेक पावसाळे जाऊ देऊन गोव्यात आणला. महाराष्ट्राची गाडी गोव्यात का विकायला आली, हा प्रश्न विचारा. गोव्याची गाडी बेळगाव-हुबळीत दिसली तरी विचारा. नदीकाठची गाडी त्या नदीकाठी कोणी घेत नाही.

आता तो क्षण. पाहणीच्या वेळी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण गाळाची रेघ पट्ट्याच्या तळाशी राहते हे आम्हाला माहीत होतं. पट्टा कोराकरकरीत. तळाशी शिवलेल्या लेबलवर पट्टा कधी बनला ते छापलेलं असतं, तेही वाचलं: २०२१ची अखेर. गाडी २०१८ची. विचारलं, तर यार्डवाला पापणीही न हलवता म्हणाला, कंपनीने वॉरंटीत बदलून दिलेत. आणि आम्ही मागचे पट्टे पाहिले, तर तेही २०२१चे. पाचच्या पाच! अपघातात बदलावे लागतात ते पुढचे दोन, कारण धडकेत पट्टा आवळणारा प्री-टेन्शनर तिथे असतो. मागच्या बाकावरच्या मधल्या माणसाचा पट्टा वॉरंटीत कोण बदलून देतो? पाचही पट्टे एकदम बदलायला गाडी एक तर जळावी लागते, नाहीतर बुडावी लागते. वॉरंटीचं काम असतं तर कंपनीच्या नोंदीत असतं, आणि ती नोंद एका फोनवर कळली असती. तो फोन झाला नाही. का? रविवार होता, सर्व्हिस सेंटर बंद, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली आणि ‘दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ हे तुणतुणं चालू. दुसरी पार्टी नसतेच. सर्व्हिस सेंटर बंद असलेल्या दिवशी टोकन देऊ नका, एवढं एक पाळलं तरी पुरे.

गंजाचंही तसंच. सीटच्या रुळांचे बोल्ट तांबूस दिसले तेव्हा उत्तर मिळालं, ‘पात्रांव, गोंयांत गंज खंय ना?’ (साहेब, गोव्यात गंज कुठे नसतो?) हे वाक्य गोव्यात खपतं, कारण अर्धं खरं आहे. पण खाऱ्या हवेचा गंज बाहेरून आणि खालून धरतो: चाकांच्या कमानी, दाराखालची शिवण, हौद्याचे कोपरे, सायलेन्सर. केबिनच्या आत, क्लच-ब्रेकच्या पेडलचा कंस, स्टिअरिंगच्या दांड्याचा कंस, डॅशमागची पत्र्याची पट्टी, इथे किनाऱ्यावरच्या गाडीतही असा एकसारखा गंज सहसा नसतो. तिथे दिसला की पाणी आत उभं राहिलं होतं समजा. पायाजवळ टॉर्च घेऊन उताणं झोपावं लागतं, कपडे मळतात, यार्डवाला हसतो. हसू दे.

धुळीचंही बघा. डिचोली-सत्तरीकडच्या गाडीत लाल धूळ असणारच, ती फिरती असते आणि सगळीकडे पातळ बसते. पुराचा गाळ पिठासारखा बारीक, आणि पाणी निथळून जिथे थांबलं तिथेच सापडतो: सुट्या चाकाच्या पाळण्यात, फ्यूज बॉक्सच्या तळाशी, मागच्या दिव्यांच्या खोबणीत, कार्पेटखालच्या फोममध्ये. कार्पेट उचलू देत नसेल तर सौदा तिथेच सोडा. आणि अशी गाडी पावसाळ्यात विकतात, कारण जून ते सप्टेंबर गोव्यात प्रत्येक गाडीला दमट वास येतो. आमच्या नाकाला दोष द्यायला म्हणूनच आम्ही तयार नाही.

एअरबॅगचा दिवा मात्र कोणत्याही ऋतूत तपासता येतो. चावी ऑन केली की तो पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड. अजिबात पेटलाच नाही तर कोणीतरी तो मारून ठेवलाय, आणि हे जास्त वाईट. आमच्या गाडीत मीटरच्या काचेमागे त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवलेली निघाली. तोच हात एबीएसच्या (ब्रेक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्यावरही फिरलेला. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला तरी ‘कोड नाहीत’ एवढ्यावर खूश होऊ नका, कोड पुसता येतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा अनेक गाड्यांत स्कॅनर दाखवतो. तो १२ किंवा २० असेल तर सकाळीच पुसलेत.

पाण्याने गाडी लगेच मरत नाही, हीच तर फसवणाऱ्याची सोय. इंजिनात पाणी गेलेलं असलं तरी तेल बदलून, इंजेक्टर साफ करून ते चालवता येतं. मरते ती वायरिंग. कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवी बुरशी धरते, रोध वाढतो, सिग्नल कधी येतो कधी नाही. म्हणून दोष ठरावीक जागी सापडत नाही आणि मेकॅनिक एकेक भाग बदलत सुटतो. आधी फोर व्हीलचा दिवा लुकलुकला, मग चार्जिंग गेलं, मग पुढची चाकं घरघरू लागली. बिलं अशी: केबिनचं वायरिंग हार्नेस (वायरांचा जुडगा) १,३६,४००, ट्रान्सफर केसचा (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीचा) अॅक्च्युएटर ५८,२००, पुढचे दोन हब बेअरिंग २७,५००, अल्टरनेटर ३१,९००, एबीएस मॉड्यूल ८४,०००. एकूण ३,३८,०००. एअरबॅगचं काम यात नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल थोडं काढून पाहा, चहासारखं दुधाळ दिसलं तर ब्रीदरमधून (हवा खेळायच्या नळीतून) पाणी शिरलंय. ही तपासणी दोनशे रुपयांत होते. आम्ही मागितली होती, यार्डवाला लिफ्ट बिघडलीय म्हणाला.

‘सिंगल ओनर’ची भानगड समजून घ्या, सगळा डाव तिथे आहे. टोटल लॉस झालेल्या गाडीचा मूळ मालक विम्याचे पैसे घेताना ना-हरकत आणि मालकी बदलाच्या फॉर्म २८, २९, ३० वर कोऱ्या सह्या करून देतो. ते कागद सांगाड्याबरोबर हातोहात फिरतात. लिलाव घेणारा, दुरुस्त करणारा, दलाल, यार्ड, यांपैकी एकाचंही नाव आरसीवर चढत नाही. कागदावर गाडी मूळ मालकाकडून थेट तुमच्याकडे येते. तुम्ही ज्याला पैसे दिले तो कागदावर नाहीच! तक्रार केली की म्हणतो, आम्ही फक्त कमिशन एजंट. आणि मूळ मालक? त्याने आपल्या परीने काहीच लपवलेलं नाही, आम्ही त्याला कधी पाहिलेलंही नाही.

याला तोड कायद्यात आहे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २९बी, लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सीमध्ये नोंद झाली की ती विकेपर्यंत तोच मालक मानला जातो. भिंतीवर २९बी आहे का बघा, आणि तुमच्या गाडीचा २९सी मागा. ‘ते सगळं ऑनलाइन असतं’ म्हणाला की ऑनलाइन दाखव म्हणा.

जुनी विमा पॉलिसीही मागा, चालू नव्हे, तिच्या आधीची. नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य असेल तर एक तर क्लेम झालाय, नाहीतर पॉलिसी ९० दिवसांहून जास्त बंद पडलीय, नाहीतर मालक बदललाय. ‘सिंगल ओनर’ गाडीत तिसरं कारण बाद होतं.

डिलिव्हरी नोटवर ‘गाडी पाहून, तपासून, समाधान झाल्यावर जशी आहे तशी घेतली’ असं बारीक अक्षरांत असतं. त्याखाली हाताने लिहा: ‘गाडी पुरात अथवा अपघातात टोटल लॉस झालेली नाही व मीटर खरे आहे असे विक्रेत्याने सांगितले’, आणि त्याची सही घ्या. सही करत नसेल तर उत्तर मिळालं.

आता अधिकाऱ्यांचं. पोलीस ठाण्यात अर्ज नेला, तर ऐकायच्या आधीच ‘हे सिव्हिल मॅटर’. बुडालेली गाडी न बुडालेली म्हणून विकणं, मीटर फिरवणं, दिव्यावर पट्टी चिकटवणं, हे सिव्हिल? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? पोचही देईनात. पोच घेतल्याशिवाय उठू नका. नाहीच घेतला अर्ज तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)नुसार तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही हालचाल नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा.

परिवहन खात्यात तर कमालच. गाडी गोव्यात चढवताना इन्स्पेक्टरने तपासली, चासी नंबरचा छाप घेतला आणि पास केली. बुडालेली कळली नाही का, विचारलं तर ‘आम्ही नंबर जुळतो का ते बघतो’. बरं, यार्डाकडे २९बी आहे का? ‘लेखी द्या.’ लेखी दिलं. ‘हे दुसऱ्या सेक्शनला.’ दुसरा सेक्शन म्हणतो, तुमच्या नावावर झालीय ना गाडी, मग अडचण काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ म्हणतं की नष्ट झालेली किंवा कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत कळवायची, म्हणजे नोंदणी रद्द होते. ना मालक कळवतो, ना विमा कंपनी, ना कोणी विचारतं. पीयूसी एक दिवस उलटली तर हेच खातं नाक्यावर हात आडवा करून उभं असतं. विमा कंपनी म्हणते क्लेमची माहिती तिसऱ्या माणसाला देता येत नाही. आम्ही त्याच गाडीचे आजचे मालक, आणि आम्हीच तिसरे! कंपनी सरकारी असेल तर निदान माहिती अधिकारात अर्ज करता येतो, खाजगीला तोही लागू नाही. सर्व्हिस सेंटरने नोंद स्क्रीनवर दाखवली, छापून शिक्का मारून द्यायला नकार. स्क्रीनचा फोटो तेवढा काढता आला. त्यावर तारीख आणि चासी नंबर दोन्ही दिसतील असा काढा.

ग्राहक आयोगात जिल्हा पातळीवर ५० लाखांपर्यंतचा मोबदला (म्हणजे मोजलेली किंमत) चालतो, १० ते २० लाखांच्या तक्रारीला शुल्क ४०० रुपये, मुदत दोन वर्षं. स्वस्त आहे, पण पिकअपवाल्यासाठी एक खड्डा आहे. समोरचा वकील पहिल्याच उत्तरात लिहितो की गाडी व्यापारासाठी घेतली, म्हणजे हे ग्राहकच नाहीत. आमच्याबाबतीत तेच लिहिलंय. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालवायला घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, म्हणून हे वाक्य तक्रारीतच असू द्या आणि गाडी फर्मच्या नव्हे, माणसाच्या नावावर घ्या. पांढरी पाटी (खाजगी नोंदणी) असल्याचा आधार होतो. रोखीचे १,८९,००० तक्रारीत आहेत, पुराव्यात नाहीत.

मध्यंतरी त्याच यार्डाने मध्यस्थामार्फत निरोप पाठवला: ५,५०,०००ला परत घेतो, तक्रार मागे घ्या. वायरिंग नवीन, बेअरिंग नवीन, आरसीवर गोव्याचा नंबर, म्हणजे त्याच्या हाती आता आधीपेक्षा चांगला माल. नकार कळवला आहे. पुढची तारीख लागायची आहे, आणि तोवर गाडी फोर-लो न वापरता खतं ओढते आहे.