‘टर्न लेफ्ट अ‍ॅट ओरायन’ : अख्खा हंगाम वापरल्यानंतर

लहान दुर्बिणीतून आकाशात काय आणि कसं बघायचं हे शिकवणारं हे पुस्तक दिवाळीच्या सुमारास घेतलं. आता वळवाचे ढग जमायला लागलेत आणि दुर्बीण आवरून ठेवायची वेळ आली आहे, म्हणून अनुभव सविस्तर लिहितो. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे. एरवी पुण्यातल्या गच्चीवरून आणि अमावास्येच्या आसपास भोरच्या पुढे मित्राच्या शेतावरून बघतो. पुस्तक गाय कॉन्सोल्माग्नो आणि डॅन डेव्हिस या दोघांचं. पहिली आवृत्ती 1989 ची, मी वापरली ती पाचवी.

या पुस्तकाचं सगळ्यात मोठं मोल म्हणजे ते डोळ्याला दिसेल तेवढंच दाखवतं. देवयानी दीर्घिकेचं उदाहरण घ्या. बहुतेक पुस्तकांत तिचे रंगीत, सर्पिल भुजांचे फोटो असतात. ते मनात धरून आयपीसला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावला की नवा माणूस हिरमुसतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. इथे पानावर पेन्सिलीने काढल्यासारखा एक करडा, लांबट ढग आहे, मधोमध जरा उजळ. शेजारी एम 32 या तिच्या सोबती दीर्घिकेचा छोटा गोळा. आयपीसमध्ये अगदी हेच दिसतं. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा उजेड ओळखता आला, याचा आनंद त्या करड्या ढगातही पुरेपूर मिळतो.

तिथवर पोचायची वाटही नीट सांगितली आहे. भाद्रपदांच्या चौकोनाच्या कोपऱ्यातून निघायचं, देवयानीतला दुसरा ठळक तारा गाठायचा, तिथून काटकोनात वळून आणखी दोन तारे वर जायचं. आधी नुसत्या डोळ्यांचा नकाशा, मग फाइंडरमधलं (दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीतलं) दृश्य, मग दुर्बिणीतलं. छोटी दुर्बीण आणि डॉब्सोनियन यांची चित्रं वेगवेगळी, कारण एकीत प्रतिमा आरशासारखी उलटते आणि दुसरीत वरची खाली होते. हा फरक इतक्या काळजीने सांभाळलेलं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

मात्र पुस्तकाचं आकाश आपल्यापेक्षा बरंच उत्तरेकडचं आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. अभिजितजवळची एम 57 ही वायूची कडी, शौरीतला एम 13 हा तारकागुच्छ, हंसातला अल्बिरिओ हा जोडतारा हे सगळं न्यूयॉर्कसारख्या ठिकाणाहून मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येताना दक्षिणेकडे असतं, आपल्याकडे ते उत्तरेकडे असतं. त्यामुळे डॉब्सोनियनमधलं दृश्य पानावरच्या चित्राशी जुळेना. उपाय सोपा आहे: अशा वेळी पुस्तक सरळ उलटं धरायचं. एम 13 च्या आजूबाजूचे तारे लगेच जागेवर बसतात. मृगाला हे करावं लागत नाही, तो आपल्याकडेही दक्षिणेकडूनच जातो.

दुसरी अडचण ऋतूंची. पुस्तकातला उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. धनू आणि वृश्चिकातले तेजोमेघ, गुच्छ ही त्या प्रकरणातली श्रीमंती, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आपल्यावर ढग. मी ते प्रकरण मार्चच्या शेवटी पहाटे उघडलं. पाचच्या सुमारास धनू जवळपास मध्यमंडलावर असतो आणि परदेशी निरीक्षकाला मिळतो त्यापेक्षा कितीतरी वर. लगून तेजोमेघ शेतावरून नुसत्या डोळ्यांनाही धूसर डागासारखा दिसला. आपल्याकडे ज्याला हे पुस्तक वापरायचं आहे त्याने हिवाळा-वसंताची प्रकरणं संध्याकाळी आणि उन्हाळ्याचं पहाटे, असाच क्रम लावावा.

दक्षिण गोलार्धाचं प्रकरण शेवटी आहे. परदेशी परीक्षणं वाचून ते आपल्या कामाचं नाही असं वाटेल, पण अर्धं तरी आहे. मॅगेलनचे मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिका आणि 47 टुकानी हा तारकागुच्छ पुण्याहून विसरायचे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ मात्र मे महिन्यात रात्री दहाच्या आसपास दक्षिणेला चोवीसेक अंश वर येतो. क्षितिज मोकळं असेल तर जरूर बघा. एम 13 नंतर लगेच बघितला तर गुच्छ केवढा मोठा असू शकतो ते कळतं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्यांना तो आणखी थोडा वर मिळेल.

जोडताऱ्यांचे (एकमेकांच्या अगदी जवळ दिसणाऱ्या ताऱ्यांचे) तक्ते मी सुरुवातीला सोडून दिले होते, आता गच्चीवर सगळ्यात जास्त तेच उघडतो. शहराच्या उजेडाने तेजोमेघ धुवून निघतात, जोडतारे नाही. अल्बिरिओचा सोनेरी आणि निळसर तारा तर पुण्याच्या मध्यवस्तीतूनही तितकाच देखणा दिसतो.

चंद्राचं प्रकरण चांगलं आहे. ग्रह आज कुठे आहेत हे अ‍ॅपवर पाहावं. पण निरीक्षणाच्या वेळी मोबाइल खिशातच ठेवा, अंधाराला सरावलेले डोळे एका झटक्यात वाया जातात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. लाल बॅटरीखाली छापील पान वाचता येतं. स्पायरल बाइंडिंगमुळे पुस्तक स्टुलावर सपाट उघडं राहतं. डिसेंबरच्या दवात मात्र पानं ओलसर होतात, वर पारदर्शक प्लास्टिक टाकत जा.

किंमत परदेशी पुस्तकाची आहे आणि इंग्रजी वाचावं लागतं. ज्यांनी अजून दुर्बीणच घेतलेली नाही त्यांनी घाई करू नये. आधी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा किंवा मुंबईच्या खगोल मंडळाचा वांगणीला होतो तसा एखादा रात्रीचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम करावा, मृग, व्याध, रोहिणी, मघा नुसत्या डोळ्यांनी ओळखायला शिकावं. पुस्तकातली प्रत्येक वाट अशा ठळक ताऱ्यापासूनच सुरू होते.