कोरीव पाटीसाठी एचडीयू बोर्ड: उन्हापावसात किती टिकतो?

उघड्यावर लावायची कोरीव पाटी रंगवलेली हवी असेल, तर एचडीयू ही आमची पहिली पसंती. एचडीयू म्हणजे हाय-डेन्सिटी युरेथेन, पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा घट्ट फोम. त्याची छिद्रं बंद असल्यामुळे पाणी आत मुरत नाही. लाकडासारख्या रेषा नाहीत, म्हणून तो पावसाळ्यात फुगत नाही की उन्हात चिरत नाही. राउटर (कोरायचं यंत्र) चालवा नाहीतर पटाशी, कुठल्याही दिशेने सारखाच कापला जातो.

घेताना घनता विचारावीच. मोठ्या अक्षरांना घनमीटरला 240 किलोचा बोर्ड पुरतो. नक्षी बारीक असेल तर 290 च्या आसपासचा घ्या. हलक्या बोर्डात अक्षरांची टोकं कोरतानाच तुटतात, आणि पृष्ठभाग खरखरीत राहिल्याने प्रायमरचे हात वाढतात.

याची मोठी उणीव म्हणजे मऊपणा. नखानेही खूण उठते आणि स्क्रू धरवत नाही. थेट स्क्रूवर टांगलेली पाटी वाऱ्याने हलत राहते, भोकं रुंदावतात आणि पाटी सैल होते. म्हणून मागे ॲल्युमिनियमची चौकट चिकटवून सगळं वजन तिच्यावर घ्यावं. येता-जाता धक्का लागेल अशा जागी मात्र एचडीयू नकोच.

रंगकामात कुचराई केली की बोर्ड फुकट गेला. उघडा फोम उन्हाने पिवळा पडतो, मग त्याची भुकटी सुटते. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर लावून घासावा, पुन्हा लावावा, त्यावर बाहेरच्या वापराच्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. पाठ, कडा आणि भोकांच्या आतली बाजूही सोडू नये. तेलाचा प्रायमर या फोमवर लवकर वाळत नाही, चिकट राहतो.

लाकूडच दिसायला हवं असेल तर सागवान, तेही गाभ्याचं. कडेचा पांढुरका भाग लवकर कुजतो. एकच रुंद फळी वाकते, त्यापेक्षा साधारण 100 मिमीच्या पट्ट्या जोडाव्यात. सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळे गोंद लावण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं, नाहीतर जोड सुटतो. वार्निश मात्र वेळोवेळी द्यावंच लागतं.

पीव्हीसी फोम बोर्ड स्वस्त आणि हलका, पण उन्हात वाढतो. 2 मीटरची पाटी तापमानातल्या 30 अंशांच्या फरकाने 3 मिमीहून जास्त लांबते. गच्च आवळली तर मधून फुगते, गडद रंगात तर नक्कीच. म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवावीत. साध्या एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) विचारही नको. कडेतून पाणी पितं आणि फुगतं.

पाटी कशाचीही असो, वरची कड पुढे उतरती हवी आणि भिंतीपासून 10-12 मिमी अंतर हवं, म्हणजे पाठ वाळते. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राजवळ 316 प्रतीचे. साध्या लोखंडी स्क्रूभोवती पाण्याबरोबर गंजाचे ओघळ उतरतात आणि रंगावरचे ते डाग पुसून जात नाहीत.