शंभर प्राण्यांचा डबा आणि शंकेची पाल: नऊ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत घेतला होता. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच स्टार दिले असते, आणि जानेवारीत लिहिलं असतं तर जेमतेम दोन. आता जुलै उजाडलाय, डब्याचं झाकण फाटून त्याला रबरबँड लागलाय, तेव्हा काय ते नीट सांगता येईल.

वस्तू अशी: पत्त्यांपेक्षा जरा मोठी शंभर कार्डं, एका बाजूला प्राण्याचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच ओळींची गंमत. सगळं मराठीत. डब्यावर वय लिहिलंय सहा ते दहा. साडेचारशेला पडला. लेक तेव्हा दुसरीत होती, नुकती सलग वाचायला लागलेली आणि जोडाक्षर आलं की अडखळणारी. ‘प्लॅटिपस’ हा शब्द तिला पहिल्या झटक्यात वाचता यायला लागला तो या कार्डांमुळे, हे आधीच कबूल करते.

पहिले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. त्याचं रक्त निळं असतं. वॉम्बॅट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याची शी ठोकळ्यासारखी चौकोनी असते (हे कार्ड पाहुण्यांना दाखवायची वेळ म्हणजे नेमकी पानं वाढून झाल्यावरची). ध्रुवीय अस्वलाची कातडी काळी असते. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो. मग आमचा हॉल किती मीटर, असे किती हॉल लागतील, टेप कुठाय.

आणि मग संपलं. सगळ्यात मोठा, सगळ्यात उंच, सगळ्यात जोरात पळणारा, असली कार्डं एकदा सांगून झाली की त्यांच्यात काही उरतच नाही. या डब्यात तशी तीसेक तरी असतील. दुसरी अडचण म्हणजे कार्डावर ‘का’ नाही. “आई, तीन हृदयं कशाला?” या प्रश्नावर कार्ड मुकाट. मीच शोधून सांगितलं की दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरं बाकीच्या अंगाला पुरवतं. आपल्या रक्तात लोह तसं त्याच्या रक्तात तांबं, म्हणून ते निळं. एवढी एक ओळ कार्डावर मावली नसती का? त्या जागेत ‘आहे ना कमाल!’ असं उद्गारचिन्हासकट छापलंय. शंभरातल्या निम्म्या कार्डांवर तरी ही कमाल आहे. डिसेंबरात डबा टीव्हीखालच्या कप्प्यात गेला.

तो बाहेर काढला एका पालीने.

महाशिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीला रात्री बाहेरच्या बाजूने पाल चिकटली होती. आतला दिवा लागलेला, त्यामुळे काचेतून तिचं पोट सरळ दिसत होतं. मी नेहमीप्रमाणे “शी!” म्हणून पडदा ओढायला गेले, तर लेक ओरडली, “थांब, तिच्या पोटात काहीतरी आहे!” बघते तर पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसत होती, साबुदाण्याच्या फुगलेल्या दाण्याहून मोठी, शेजारी शेजारी. पालीची अंडी बहुधा दोनच असतात, हे नंतर वाचलं. बोटांखालच्या आडव्या पट्ट्याही त्या काचेवर स्वच्छ दिसल्या. एरवी पाल वरच्या बाजूनेच दिसते, पाय उलटा करून कोण दाखवणार!

पालीचं कार्ड डब्यात होतं, पण तोवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं की पाल भिंतीला चिकटते ते डिंकासारख्या कशाने नाही, बोटांवरच्या अतिबारीक केसांमुळे. बरोबर आहे. ते केस इतके बारीक असतात की भिंतीच्या कणाकणाशी त्यांची हलकीशी ओढ तयार होते आणि लाखो केसांची ओढ मिळून पाल तोलली जाते. पालीला आपल्यासारख्या उघडमिट करणाऱ्या पापण्या नसतात, म्हणून ती जिभेने डोळे पुसते, हेही कार्डावर होतं. पुढचे आठ दिवस आम्ही रात्री साडेनऊला खिडकीपाशी. डोळा चाटताना ती एकदाच दिसली, तेही मला दिसलं नाही, लेकीला दिसलं. सासूबाई म्हणाल्या, “पालीची शाळा भरलीय रोज.”

तिथून या डब्याचा खरा उपयोग सुरू झाला. कार्डावर लिहिलंय ते आपल्याला बघता येईल का, असं ती विचारायला लागली. जी कार्डं या प्रश्नाला उतरली तीच टिकली, बाकीची शोभेला.

जिराफाचं उतरलं. जिराफाच्या मानेत मणके सातच, आपल्याही मानेत सातच. त्याचा एकेक मणका पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, एवढाच फरक. तिने आजीच्या मानेवर बोट फिरवून खालचा टपोरा मणका शोधला. सासूबाईंना स्पॉन्डिलायटिस आहे, मानेला पट्टा असतो. “आजी, जिराफाला पट्टा लावायचा तर केवढा लागेल?” यावर सासूबाई इतक्या हसल्या की मान दुखायला लागली. घुबडाच्या मानेत मात्र चौदा मणके. डोळे खोबणीत घट्ट बसलेले, इकडेतिकडे फिरत नाहीत, म्हणून मान फिरवायची. आणि इथे या डब्यातली पहिली चूक सापडली. कार्ड म्हणतं घुबड मान ३६० अंशात फिरवतं. लेक माझ्या फिरत्या खुर्चीत बसली, मान गोल नेली तर काय होईल ते अंगाने करून पाहिलं आणि म्हणाली, “मग मुंडकं निघेल की.” घुबडाची मान एका बाजूला साधारण २७० अंशांपर्यंत जाते. कार्डावर तिने पेनाने ३६० खोडून २७० केलं.

यानंतर डब्यावरचा विश्वास उडाला आणि गंमत म्हणजे डबा जास्त वापरला जाऊ लागला. शंकेची पाल एकदा चुकचुकली ती चुकचुकलीच. चित्त्याच्या कार्डावर चित्र बिबट्याचं आहे, हे तिने मार्चमध्ये पकडलं. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडाकडे काजळ ओघळल्यासारख्या दोन काळ्या रेघा. बिबट्याच्या ठिपक्यांची फुलं असतात, रेघा नसतात. आमच्याकडे कराड बाजूला उसात बिबट्या निघाला की फोटो घरोघरी फिरतात, त्यामुळे बिबट्या तिच्या ओळखीचा. भारतातून चित्ता १९५२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आणले, एवढ्या बातम्या झाल्या, तरी छापणाऱ्याला दोन्हींतला फरक कळू नये?

सगळ्यात कहर ‘अस्वल’. झाडाला उलटा लटकलेला, लांब नखांचा, झोपाळू डोळ्यांचा प्राणी आणि खाली ‘अस्वल आठवड्यातून एकदाच शी करायला झाडावरून उतरतं’. तो आहे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला स्लॉथ. आपल्याकडच्या अस्वलाच्या इंग्रजी नावात हाच शब्द येतो, म्हणून भाषांतर करणाऱ्याने सरळ अस्वल करून टाकलं असणार. मी डबा काढणाऱ्यांना मेल केली. ‘आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार’ एवढं उत्तर आलं. कार्ड बदलून मिळालं नाही.

सरड्याची गोष्ट मे महिन्यातली. कार्ड सांगतं, शॅमेलिऑन ज्या रंगावर बसेल त्या रंगाचा होतो. सुट्टीत आम्ही माझ्या माहेरी, खटाव तालुक्यात. शेताच्या तारेच्या कुंपणावर एक सरडा, डोकं आणि खांदे लालबुंद. लेक घरातून निळा रुमाल, हिरवा ब्लाउजपीस आणि माझी पिवळी ओढणी घेऊन आली. आप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं, “कुणाचं लगीन आहे?” सरडा अर्थातच रुमालावर बसायला आला नाही, ती दोन पावलं जवळ गेली की तो पुढच्या खांबावर. मग पलीकडून दुसरा एक सरडा आला. पहिल्याने पुढचे पाय ताठ करून चार-पाच वेळा दंडबैठका काढल्यासारखं केलं, गळा फुगवला, लाल आणखी गडद झाला. दुसरा पळाला. थोड्या वेळाने तो पहिला साधा मातकट होऊन बसला, कुंपण तेच, तार तीच.

म्हणजे रंगाचं नातं बसायच्या जागेपेक्षा भांडणाशी आणि माद्यांशी जास्त. आपला कुंपणावरचा सरडा आणि शॅमेलिऑन हे वेगळे प्राणी, पण शॅमेलिऑनचंही बरंचसं असंच: राग, भीती, ऊन-थंडी यांप्रमाणे तो रंग बदलतो. त्याच्या कातडीत बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की वेगळा रंग दिसतो. रुमालाची नक्कल तो करत नाही. परत येताना लेकीने विचारलं, “आप्पा आजोबा, सरडा कुंपणापर्यंतच का धावतो?” आप्पा म्हणाले, “त्याचं राज्य तेवढंच.” म्हण बाजूला ठेवली तरी उत्तर बरंचसं बरोबर आहे, नर आपापला टापू राखून असतात.

त्याच मुक्कामात गाईचं कार्ड पडलं. ‘गाईला चार पोटं असतात.’ पोट एकच, कप्पे चार. गवत आधी भरून घ्यायचं आणि मग निवांत बसून रवंथ करायचा. हे मला सांगता आलं. पण आप्पांनी जे दाखवलं ते कुठल्याच कार्डावर नव्हतं. त्यांनी बैलाचा ओठ वर केला: वरच्या जबड्यात पुढे दातच नाहीत, नुसती टणक हिरडी! लेकीला वाटलं म्हातारपणी पडले. गाय, बैल, म्हैस, कुणालाच ते नसतात. खालच्या दातांवरून वय ओळखायचं: दुधाचे दात पडून मोठे दोन आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेला. बाजारात बैल घेताना हेच बघतात. तिने सातार्‍याला आल्यावर आरशात स्वतःचे मोजले आणि जाहीर केलं की ती चार दाती आहे.

सापाच्या कार्डावर मात्र घरात जुंपली. कार्ड बरोबर होतं: साप दूध पीत नाही, पुंगीच्या सुरावर नाही तर तिच्या हलण्यावर डोलतो. सासूबाईंचं माहेर शिराळा तालुक्यातलं, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी त्यांनी लहानपणी पाहिलेली, गाडग्यांतून आणलेले जिवंत नाग, मिरवणूक, सगळं. (त्या खेळांवर पुढे न्यायालयाची बंदी आली.) नात म्हणाली, “आजी, गारुडी त्याला तहानलेला ठेवतो म्हणून तो काहीही पितो, दूध त्याला पचत नाही.” मला वाटलं आता सासूबाई रागावणार. त्या म्हणाल्या, “आम्ही वारुळापाशी दूध-लाह्या ठेवून यायचो. तो पितो का ते बघायला थांबायचं कोण?” यंदाची पंचमी तोंडावर आली आहे, पाटावर गंधाने नाग काढायचा आणि लाह्या आपण खायच्या असं ठरलंय. दुधाची खीर करायची म्हणे.

डब्याबद्दल माझी मोठी तक्रार चुकांची नाही, गैरहजेरीची आहे. कांगारू, कोआला, पेंग्विनच्या दोन जाती, लामा. शेकरू नाही! महाराष्ट्राचा राज्यप्राणी, ज्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये झालं, जो आम्हाला तासा-दीड तासावर महाबळेश्वरला दिसतो, एकेका उडीत पाच-सहा मीटर जातो, त्याला शंभरात जागा नाही. खवले मांजर आहे, पण नाव ‘मुंगीखाऊ’ आणि पत्ता आफ्रिकेचा. कोकणात ते आहे याचा उल्लेख नाही. सुगरण नाही. नाव बाईचं आणि खोपा विणतो नर, अर्धा विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडला तर पुरा करतो. मुलांना यापेक्षा मोठी गंमत कुठली हवी? हे खोपे आता पावसात विहिरीवरच्या बाभळीला लोंबकळायला लागलेत, बघायला पैसे पडत नाहीत.

बाकी किरकोळ: छपाई चांगली, रंग उडाले नाहीत. कोपरे दुमडतात. एकदा वरण सांडलं, पुसून निघालं. मागच्या क्यूआर कोडवरून प्राण्यांचे आवाज ऐकू यायचे, ते मार्चपासून बंद. अक्षर सात वर्षांच्या मुलाला बारीक आहे.

घ्यावा का? घरात कुणीतरी मोठं माणूस दहा मिनिटं बरोबर बसणार असेल तर घ्या. मूल एकटं खेळेल म्हणून घेत असाल तर पंधरा दिवसांचा खेळ आहे. वाढदिवसाला द्यायचा असेल तर अस्वल काढून द्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातला अर्धा पालीचा.

आज मोजली तर ब्याण्णव कार्डं आहेत. देवमासा फ्रिजखाली असावा. वॉम्बॅट वर्गातल्या एका मुलाने बदल्यात घेतला, त्याचे दोन खोडरबर आले. गाय आप्पांकडे राहिली, ती त्यांनी गोठ्याच्या दाराला खिळ्याने ठोकलीय, ‘चार पोटं’वर काट मारून. पाल खिडकीच्या चौकटीत खोचलेली आहे, खऱ्या पालीच्या बरोबर खाली. उरलेल्या चारांचा पत्ता नाही.