यूआयव्ह्यू.अ‍ॅनिमेट की प्रॉपर्टी अ‍ॅनिमेटर?

बटण फिकं करायचं किंवा एखादी पट्टी सरकवायची, एवढंच काम असेल तर आयओएसवर, म्हणजे आयफोनच्या अ‍ॅपमध्ये, हालचाल दाखवणारं यूआयव्ह्यू.अ‍ॅनिमेट हे फंक्शन पुरेसं आहे. तीन ओळींत भागतं. त्याच्यात आणि प्रॉपर्टी अ‍ॅनिमेटर या दुसऱ्या साधनात फरक कळतो तो काहीतरी बिनसल्यावर.

माझ्या अ‍ॅपमध्ये खालून वर येणारी शीट होती. वर येत असताना बोटाने धरली की ती टुणकन शेवटच्या जागी जायची. प्रिंट टाकून पाहिलं तर फ्रेमचा (शीटची जागा आणि आकार सांगणाऱ्या आकड्यांमधला) वाय १२०, म्हणजे शेवटच्या जागेचा, आणि पडद्यावर शीट अजून अर्ध्या वाटेतच. दोन दिवस मी कन्स्ट्रेंट, म्हणजे शीटची जागा ठरवणारे नियम, तपासत बसलो. दोष त्यांचा नव्हताच. अ‍ॅनिमेटला दिलेला कोडचा ब्लॉक चालला की व्ह्यूला (पडद्यावरच्या घटकाला, इथे शीटला) शेवटची किंमत लगेच मिळते. डोळ्यांना दिसणारा प्रवास असतो प्रेझेंटेशन लेयरवर, म्हणजे त्या क्षणी पडद्यावर दिसणाऱ्या प्रतीवर. त्या लेयरची फ्रेम छापली आणि आकडा पडद्याशी जुळला. मग उपाय काय, तर ती फ्रेम उचलायची, व्ह्यूला द्यायची, चालू अ‍ॅनिमेशन काढून टाकायचं. प्रत्येक पडद्यावर हेच पुन्हा. मला या गोष्टीचा फार वैताग आला.

२०१६ मध्ये आयओएस १० सोबत आलेल्या यूआयव्ह्यूप्रॉपर्टीअ‍ॅनिमेटरमध्ये (शीर्षकातला प्रॉपर्टी अ‍ॅनिमेटर तो हाच) हे हाताने करावं लागत नाही. बोट टेकलं की पॉझ करायचं, फ्रॅक्शनकम्प्लीट, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा किती भाग झाला तो आकडा, वाचायचं: ०.४ आला म्हणजे शीट कुठवर आली ते कळलं. सिम्युलेटरमध्ये (संगणकावरच्या नकली आयफोनमध्ये) स्लो अ‍ॅनिमेशन्स लावून बघितलं की हा आकडा आणि डोळ्यांसमोरची हालचाल शेजारी शेजारी ताडता येतात. शोधाशोध निम्म्यावर आली, निदान माझी तरी.

त्याचेही त्रास आहेत. पॉझ केलेला अ‍ॅनिमेटर तसाच सोडून दिला की अ‍ॅप क्रॅश होतं, म्हणून तो प्रॉपर्टीत, म्हणजे आपल्या क्लासच्या व्हेरिएबलमध्ये, धरून ठेवावा लागतो. उलटा फिरवला तर शीट खाली जाते खरी, पण कन्स्ट्रेंटचा आकडा वरचाच राहतो आणि पुढच्या लेआउटला (पडद्याची मांडणी पुन्हा होताना) शीट परत वर उसळते. कम्प्लिशनमध्ये (अ‍ॅनिमेशन संपल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) पोझिशन 'स्टार्ट' आली तर तो आकडा आपणच मागे न्यायचा. हे एकदा समजलं की पुन्हा अडत नाही.

तुमच्या शीटला कुणी मध्येच हात लावणारच नसेल तर जुनं कोड बदलायची गरज मला वाटत नाही. बोटाने ओढायची असेल, तर मी पहिल्या दिवसापासून अ‍ॅनिमेटरच घेईन.