सहा गाई आणि एका बकेटचं मिल्किंग मशीन : आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे मिल्किंग मशीन आलं, त्याला आता आठ महिने होतील. घेण्याआधी मी बऱ्याच जणांना विचारलं होतं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्या गोठ्यात तीस-चाळीस गाई आणि दोन-दोन गडी. सहा-सात जनावरांच्या, घरच्याच माणसांवर चालणाऱ्या गोठ्याचं कुणी सांगेना. म्हणून सगळं लिहिते आहे.

आमची वस्ती संगमनेर तालुक्यात. साडेतीन एकर रान, त्यात कांदा, मका आणि जनावरांपुरता घास. दावणीला सहा दुभत्या संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, एक म्हैस, तीन कालवडी. दोन्ही वेळचं मिळून ७५ लिटरच्या आसपास दूध केंद्रावर जातं. धारा मी आणि सासूबाई काढायचो. गेल्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट इतकं धरलं की भाकरी थापता येईना. गडी परवडत नव्हता. दोन गाई विकाव्यात असं घरात ठरतही आलं होतं. पण कांद्याच्या पैशाचा भरवसा नाही, आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावरच आमचं किराणा, शाळा, दवाखाना चालतं. शेवटी ३८,००० रुपयांना एका बकेटचं मशीन घेतलं. २५ लिटरची स्टीलची बकेट, पाऊण एचपीची मोटर, सिंगल फेजवर चालणारं.

आधी वेळेचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. पूर्वी दोघींना मिळून सव्वा तास लागायचा. आता मला एकटीला एक तास लागतो आणि वर धुण्याची वीस मिनिटं. म्हणजे घड्याळात काहीच वाचलं नाही. वाचलं ते एक माणूस. सासूबाई गुडघ्यांवर बसायच्या सुटल्या आणि माझं मनगट दोन महिन्यांत बरं झालं. माझ्यासाठी मशीनचे पैसे तिथेच फिटले.

दूध वाढतं असं दुकानात सांगतात. आमचं वाढलं नाही. उलट पहिल्या महिन्यात फॅट ३.९ वरून ३.६ वर आलं. कारण सापडायला वेळ लागला. सडाला जास्त ओढ बसू नये या भीतीने मी मशीन लवकर काढत होते, आणि शेवटच्या धारांमध्येच फॅट सगळ्यात जास्त असतं. उशिरा काढावं तर दुसरी अडचण. गाईचं साधारण ६० टक्के दूध मागच्या दोन सडांत असतं, त्यामुळे पुढचे सड आधी रिकामे होतात आणि मशीन त्यांना कोरडंच ओढत राहतं. आता मी पारदर्शक नळीवर डोळा ठेवते. धार तुटक झाली की क्लॉवर, म्हणजे चारही कप जिथे जोडलेले असतात त्या भागावर, हलका हात दाबते, पाच-दहा सेकंद बघते, व्हॅक्यूम, म्हणजे मशीनची ओढ, बंद करते आणि मगच कप काढते. व्हॅक्यूम चालू असताना कप कधीही ओढू नका, सडाच्या तोंडाला इजा होते.

मशीन लावण्याआधी गाय पान्हवणं फार महत्त्वाचं आहे. कास धुऊन, पुसून, प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढायच्या. तिथून मिनिटभरात कप लावायचे, कारण पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो. सुरुवातीला मी सगळ्या गाईंच्या कासा एकदम धुऊन ठेवायचे, तर शेवटच्या गाईपर्यंत पोचेस्तोवर तिचा पान्हा उतरून गेलेला असायचा. आता एकेक गाय धरते.

सगळ्यात कडू अनुभव तिसऱ्या महिन्यातला. दूध पटपट निघावं म्हणून मशीन बसवणाऱ्या माणसाने व्हॅक्यूम ५० किलोपास्कलवर ठेवला होता. आमच्यासारख्या बकेट मशीनला गाईंसाठी ४०च्या जवळपास पुरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमची चंद्री गाय धारेच्या वेळी पाय झाडायची, मला वाटायचं तिला आवाजाची सवय नाही. एका संध्याकाळी मशीन काढल्यावर सासूबाईंनी सहज तिच्या कासेला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, मागचा उजवा सड गरम लागतोय, आतून घट्ट झालाय." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सीएमटी, म्हणजे द्रावण घालून दुधाची तपासणी, केली, दुधाचा जेलीसारखा गोळा झाला. दगडीच होती, म्हणजे कासेची सूज. पाच दिवस सडात औषध, आणि ते थांबल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस तिचं दूध केंद्रावर घातलं नाही. औषध-पाण्याचे २,८०० गेले, वाया गेलेलं दूध वेगळं. सड वाचला, पण त्या सडाचं दूध या वेतात पहिल्यासारखं भरलं नाही.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली. हाताने धार काढताना कासेची ऊब, गाठ, दुधातली फुटी आपोआप समजायची. कुणी ते काम म्हणून करत नव्हतं. मशीन आल्यावर तेवढंच आमच्या हातून निसटलं होतं. आता प्रत्येक गाईच्या धारेनंतर सासूबाई चारही सड हाताने चाचपतात. दर पंधरा दिवसांनी मी सीएमटी घरीच करते. धार झाली की चारही सड पोव्हिडोन आयोडीनच्या कपात बुडवते आणि गव्हाणीत घास टाकते, म्हणजे गाय अर्धा तास तरी बसत नाही. तोवर सडाचं तोंड उघडं असतं, शेणात टेकलं की आजार आत जातो. तेव्हापासून एकाही गाईला दगडी झालेली नाही.

धुण्यात कुचराई नको. आधी कोमट पाणी, गरम नाही. पहिल्यांदाच कडक पाणी घातलं तर दूध आतून चिकटून बसतं. मग गरम पाणी आणि अल्कलीची पावडर, शेवटी साधं पाणी. आठवड्यातून एकदा अ‍ॅसिडचं द्रावण, नाहीतर आतून पिवळट थर चढतो.

कपाच्या आतले रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलतात. आमच्या रोजच्या बारा धारा, म्हणजे सात महिने. पण मी सहाव्या महिन्यातच बोट घालून पाहिलं तर आत बारीक चिरा दिसल्या. संच १,४०० रुपयांना आला. घेताना लायनर तालुक्याच्या गावी मिळतात का, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे कुरिअरने मागवावे लागतात, त्यामुळे एक संच घरात ठेवलाय.

वीज हा खरा प्रश्न आहे. जूनच्या पहिल्या वादळात दोन दिवस लाईट नव्हती. घरातल्या इन्व्हर्टरवर मोटर सुरूच होत नाही, सुरुवातीचा झटका त्याला पेलत नाही. दोघींनी हातानेच धारा काढल्या. ज्यांच्या वस्तीवर लाईटचा नेम नाही त्यांनी पेट्रोल इंजिन जोडता येणारं मॉडेल बघावं. पैसे थोडे जास्त जातील, पण मी पुन्हा घेतलं तर तेच घेईन.

म्हशीला मशीन लावत नाही. तिचे सड घट्ट, व्हॅक्यूम जास्त लागतो, आणि ती रेडकाशिवाय पान्हवतच नाही. घरापुरतं दूध, हातानेच काढतो.

तीन-चारच दुभती जनावरं असतील आणि हात धड असतील तर माझ्या मते घेऊ नका, धुण्यातच जीव जाईल. पाच-सहाच्या पुढे, घरात धारेला एकच माणूस असेल, तर जरूर घ्या. घेतल्या दिवशी व्हॅक्यूमचा काटा स्वतः बघा, कुणाच्या भरवशावर सोडू नका.

आमची मोठी कालवड पुढच्या महिन्यात विणार आहे. गेल्या आठवड्यापासून तिला मशीनशेजारच्या खुंट्याला बांधते. पहिले दोन दिवस मोटर चालू झाली की दावं ताणून मागे सरायची. आज सकाळी कान टवकारले, थोडा वेळ बघितलं आणि परत घास खायला लागली.