झूम एच१ इसेन्शियल: घुमट वाद्यापासून किती अंतरावर?

झूमचा एच१ इसेन्शियल हा छोटा रेकॉर्डर २०२४ साली आला. आधीच्या एच१एनला गेनची, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी, गोल चकती होती, ह्याला ती नाहीच. हा सगळं ३२-बिट फ्लोटमध्ये (बारीक ते प्रचंड, सगळे आवाज फाइलमध्ये मावणारी पद्धत) टिपतो, म्हणून लेव्हल आधी ठरवत बसावं लागत नाही. विकतच्या सॅम्पल पॅकवर (तयार आवाजांच्या संचांवर) न राहता स्वतःच्या आवाजांचा साठा करणाऱ्या प्रोड्युसरला ही सोय मोठी आहे. तिच्याबद्दलचा गैरसमजही तेवढाच मोठा.

फाइल क्लिप होत नाही (आवाजाची टोकं कापली जात नाहीत), पण माइक होतो. अंगच्या एक्स-वाय माइकची (एकमेकांना छेदून लावलेल्या दोन माइकची) मर्यादा १२० डेसिबल एसपीएल, म्हणजे ध्वनिदाब. शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशापुढे हातभर अंतरावर धरलात तर आवाज माइकमध्येच फाटतो आणि मग तो कुठल्याही प्लगइनने शिवता येत नाही. पाच-सहा मीटर मागे सरा. दुसरा घोळ संगणकावर होतो. फाइल आधी २४-बिट करून मग आवाज कमी केला, तर शून्य डेसिबलच्या वरचं सगळं कायमचं कापलं जातं. आधी डीएडब्ल्यूमध्ये (संगणकावरच्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये) त्या फाइलचा आवाज, म्हणजे क्लिप गेन, खाली आणा, मग बदला.

गेन हातात नाही, म्हणजे अंतर आणि जागा एवढंच तुमच्या हातात. घुमटावर, म्हणजे गोव्याच्या मातीच्या तालवाद्यावर, ते लगेच कळतं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण प्रोड्युसरला त्यातलं मडकं महत्त्वाचं: एका तोंडावर कातडं, दुसरं लहान तोंड उघडं, आणि तळव्याने ते झाकता-उघडता बदलणारा घुमारा. (कातडं बकरीचंच बघून घ्या. घोरपडीच्या कातड्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.) रेकॉर्डर कातड्यासमोर ४० ते ५० सेंटिमीटरवर ठेवला की बोटांची थाप स्वच्छ येते, घुमारा मात्र पातळ. उघड्या तोंडाकडे १५-२० सेंटिमीटरवर नेला की घुमारा भरतो, पण हवेचा झोत थेट माइकवर बसून ‘भप्’ होतं. तिथे तोंडाच्या रेषेतून थोडं बाजूला ठेवा आणि फोम चढवा. दोन्ही जागांचे वेगळे टेक घ्या. चार जोरांत प्रत्येकी सहा थापा, तोंड उघडं आणि झाकलेलं असे दोन्ही प्रकार, म्हणजे एका जागेवरून ४८ थापा. सॅम्पलरमध्ये (टिपलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या आळीपाळीने वाजल्या तरच हात जिवंत वाटतो. एकच थाप पुन्हा पुन्हा लावली की मशिनगन.

हे सगळं एका बैठकीत उरका. पावसाळ्यात कातडं सैल पडून स्वर उतरतो. ऊन दाखवून पुन्हा वाजवलं तर आधीच्या थापांशी स्वर जुळत नाही. चवथीच्या आरतीत वाजवणारे ते हाताने सांभाळून घेतात, सॅम्पलरला ते जमत नाही.

आता हे ट्रॅकमध्ये बसवताना. गोवा ट्रान्स ह्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा वेग १४५ बीपीएम (मिनिटाला ठोके) धरला तर दोन किकमधलं (तालाच्या जड ठोक्यांमधलं) अंतर ४१४ मिलिसेकंद, आणि एक सोळांश, म्हणजे त्याचा चौथा भाग, १०३. घुमटाचा घुमारा एका सोळांशाहून लांब राहिला तर तो पुढच्या किकवर चढतो आणि खालचा सगळा भाग गढूळ होतो. १२० ते १५० हर्ट्झच्या खालचं कापा, डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) ९० मिलिसेकंदांच्या आसपास आणा. मडक्याची ओळख वरच्या भागातही पुरेशी राहते. लांब घुमारा फक्त ब्रेकमध्ये, म्हणजे किक थांबते तिथे, सोडा. स्वर ट्यूनरवर बघून ट्रॅकच्या षड्जाला लावा, पण तीन सेमीटोनच्या पलीकडे खेचलात तर मडकं प्लॅस्टिकचं वाटू लागतं.

ह्या रेकॉर्डरचं सर्वात कमी वापरलं जाणारं काम म्हणजे एखाद्या जागेचा प्रतिध्वनी टिपणं. चिऱ्याची बांय (विहीर) असो किंवा जुन्या घराची रिकामी साल (दिवाणखाना), तिपाईवर रेकॉर्डर लावा, तीन मीटरवर फुगा फोडा. फुगा फुटतो त्या क्षणाच्या अगदी आधी फाइल कापा आणि शेपूट पार्श्वभूमीच्या आवाजात मिसळण्याआधीच फेड करा, नाहीतर तुमच्या प्रत्येक रिव्हर्बमधून (प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टमधून) वारा वाहत राहील. रीपर ह्या डीएडब्ल्यूमधल्या ReaVerb सारख्या कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (टिपलेल्या जागेचा प्रतिध्वनी कुठल्याही आवाजाला देणाऱ्या प्लगइनमध्ये) ती फाइल टाकली की झालं. फुग्यात खालचा सूर कमी असतो, म्हणून हा रिव्हर्ब थापांना आणि लीडला (मुख्य सुरावटीला) लावा, किकला नको. दहा ट्रॅकवर एकच बांय वाजली तर ऐकणारा तुम्हाला ओळखतो, दहा वेगळे प्रीसेट वापरले तर नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू मात्र सोडून द्या, तो पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतो.

उणिवा. अंगच्या माइकची खरखर शांत आवाजात ऐकू येते. मांडवी नदीवर बांधलेल्या होडीला लागणारं पाणी, पानांवरची भुरभुर असलं काही टिपायचं तर ३.५ मिलिमीटरच्या जॅकला चांगला बाहेरचा माइक जोडा. एक्सएलआर (स्टुडिओ माइकचं तीन पिनांचं सॉकेट) नाही, त्यामुळे फॅन्टम पॉवर (केबलमधूनच मिळणारी वीज) मागणारे माइक जोडता येत नाहीत. बॉडी प्लॅस्टिकची, हातात धरला की बोटांची कुरकुर येते, तेव्हा तिपाई हवीच. किनाऱ्यावर फोम पुरत नाही, केसाळ विंडस्क्रीन लागतो. मेमरी कार्ड आणि विंडस्क्रीन वेगळे घ्यावे लागतात, त्यांचे पैसे हिशेबात धरा. बॅटरी दोन एएए. ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला सुमारे २३ एमबी जातात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर २२-२३ तास.

वेळ दुपारी दोन ते चारची. गाव वामकुक्षीत असतं, रातकिडे सुरू झालेले नसतात. पंखा आणि फ्रीज बंद करा, ५० हर्ट्झची घरघर आणि तिचे १००, १५० चे सोबती नंतर काढताना घुमटाचाच घुमारा जातो. काम झालं की रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जून ते सप्टेंबर पुड्या अधूनमधून बदलत राहा आणि बॅटऱ्या काढून ठेवा.